शालेय ग्रंथपालांचे व्यावसायिक शिक्षण आणि परिषदा : महाराष्ट्राच्या ग्रंथालय इतिहासातील एक उपेक्षित प्रकरण (१९११ ते २०२०)

प्रस्तावना

महाराष्ट्रातील ग्रंथालय चळवळीचा इतिहास बहुतांशी सार्वजनिक ग्रंथालयांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. रत्नागिरी (१८२८), अहमदनगर (१८३८), नाशिक (१८४०) आणि पुणे (१८४८) येथील ग्रंथालयांच्या स्थापनेपासून १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमापर्यंतची वाटचाल अभ्यासकांनी नोंदविलेली आहे. महाविद्यालयीन व विद्यापीठीय ग्रंथालयांचाही स्वतंत्र विचार झाला आहे. शालेय ग्रंथालय मात्र या दोहोंच्या मध्ये राहिले. शालेय ग्रंथालयाच्या इमारतीविषयी, पुस्तकसंख्येविषयी आणि अनुदानाविषयी शासकीय अहवालांत अधूनमधून उल्लेख सापडतात; परंतु त्या ग्रंथालयाचा कारभार पाहणाऱ्या व्यक्तीने सेवेत आल्यानंतर काय शिकावे, कोणाकडून शिकावे आणि समव्यावसायिकांना कोठे भेटावे, या प्रश्नाचा इतिहास क्वचितच मांडला गेला आहे.

हा प्रश्न किती जवळचा आहे हे पुणे–लोणावळा लोहमार्गाकडे पाहिले असता ध्यानी येते. १९७८ मध्ये या मार्गावर उपनगरीय गाडी सुरू झाली. देहूरोडनंतर बेगडेवाडी, घोरावाडी, तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली आणि लोणावळा अशी स्थानके लागतात. या मार्गाच्या आजूबाजूला जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळा आहेत, खाजगी अनुदानित माध्यमिक शाळा आहेत आणि देहूरोड व लोणावळा येथे संरक्षण आस्थापनांच्या निमित्ताने आलेली केंद्रीय विद्यालयेही आहेत. एकाच तालुक्याच्या आणि त्याच्या वेशीवरच्या या शाळांमध्ये ग्रंथपाल या पदाचे अर्थ मात्र भिन्न आहेत. काही शाळांत हे पदच नाही, काहींत ते शिक्षकेतर पद आहे आणि काहींत त्या पदावरील व्यक्तीसाठी सेवांतर्गत प्रशिक्षणाची नियमित व्यवस्था आहे. हा भेद कसा निर्माण झाला, याचा ऐतिहासिक मागोवा घेणे हे प्रस्तुत निबंधाचे उद्दिष्ट आहे.

निबंधाचे प्रतिपाद्य असे की, महाराष्ट्रात शालेय ग्रंथपालाच्या प्रवेशपूर्व शिक्षणाची सोय उत्तरोत्तर वाढत गेली. परंतु त्याच्या सेवांतर्गत शिक्षणाचे उत्तरदायित्व कोणत्याही एका खात्याकडे कधीच आले नाही. त्याचे कारण निधीच्या अभावापेक्षा पदाच्या वर्गीकरणात अधिक आहे. सेवापुस्तकात त्याची नोंद कोणत्या सदराखाली झाली, यावर त्याने पुढे शिकावे की नाही हे ठरत गेले.

बडोद्याचा आरंभ : वर्ग, मंडळ आणि नियतकालिक

भारतातील ग्रंथपालांच्या पद्धतशीर प्रशिक्षणाचा आरंभ मराठी राज्यकर्त्यांच्या बडोदे संस्थानात झाला, ही गोष्ट मराठी अभ्यासकांनी विशेषत्वाने लक्षात घ्यावी अशी आहे. महाराजा सयाजीराव गायकवाड (तृतीय) यांनी प्रथम अमरेली प्रांतात प्रयोग करून १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे धोरण स्वीकारले. शाळेत अक्षरओळख झालेले मूल पुढे वाचावयास काही न मिळाल्यास पुन्हा निरक्षर होते, या जाणिवेतून त्यांनी ग्रंथालयांची योजना हाती घेतली. अमेरिकेतील ग्रंथालये पाहून आल्यावर त्यांनी १९१० मध्ये न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बॉर्डन यांना बडोद्यास पाचारण केले. बॉर्डन यांनी १९११ मध्ये ग्रंथालयशास्त्राचा वर्ग सुरू केला. लाहोर येथे पंजाब विद्यापीठात असा डिकिन्सन यांनी चालविलेला वर्ग त्यानंतर चार वर्षांनी, म्हणजे १९१५ मध्ये सुरू झाला.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने बडोद्याच्या प्रयोगातील तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली, तेथे ग्रंथालय आणि शाळा ही एकाच शैक्षणिक धोरणाची दोन अंगे मानली गेली. ग्रामग्रंथालयांना लोकवर्गणी, स्थानिक मंडळ आणि संस्थान यांच्या समान वाट्याने द्रव्य मिळे आणि अनेक खेड्यांत त्यांचा कारभार शाळामास्तरांच्या हाती असे. दुसरी, प्रशिक्षण हे नेमणुकीपूर्वीचे सोपस्कार म्हणून न राहता चालू कामाशी जोडले गेले. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे १९१२ मध्ये तेथे ग्रंथालय मंडळ स्थापन झाले आणि ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक निघाले. त्यात इंग्रजी, गुजराती आणि मराठी असे तिन्ही भाषांचे विभाग होते. ज्याला इंग्रजी बेताचे येते अशा कर्मचाऱ्यालाही व्यवसायाची चर्चा स्वभाषेत वाचता यावी, हा विचार त्यामागे स्पष्ट दिसतो. बॉर्डन १९१३ मध्ये परतले. त्यानंतर जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी ही धुरा वाहिली आणि १९१९ मध्ये बडोद्याच्या चळवळीचा इतिहास इंग्रजीत ग्रंथबद्ध केला.

वर्ग, समव्यावसायिकांचे मंडळ आणि स्वभाषेतील नियतकालिक हे व्यावसायिक शिक्षणाचे तीन आधार होत. ते तिन्ही बडोद्यात एकाच वेळी उभे राहिले होते. पुढील शतकात महाराष्ट्रात यांपैकी वर्गाची वाढ झाली. शालेय ग्रंथपालांपुरते बोलावयाचे तर उरलेले दोन आधार कधीच भक्कम झाले नाहीत.

संघ, परिषदा आणि पदविका (१९२१ ते १९५८)

ब्रिटिश अमलाखालील महाराष्ट्रात ग्रंथालय संघटनेचा प्रयत्न १९२१ मध्ये पुण्यात दत्तो वामन जोशी यांच्या पुढाकाराने झाला. राष्ट्रीय पातळीवर १९३३ मध्ये कलकत्ता येथील परिषदेत भारतीय ग्रंथालय संघाची स्थापना झाली. या संघाच्या परिषदा पुढे मुंबई (१९४२), बडोदे (१९४६) आणि नागपूर (१९४९) येथेही भरल्या. या परिषदांचे नेतृत्व स्वाभाविकपणे विद्यापीठीय व मोठ्या सार्वजनिक ग्रंथालयांतील ग्रंथपालांकडे होते. वर्गीकरण, तालिकीकरण, ग्रंथालय कायदा आणि राष्ट्रीय ग्रंथालय हे चर्चेचे मुख्य विषय होते. शाळेतील ग्रंथपाल हा स्वतंत्र व्यावसायिक वर्ग म्हणून त्या काळी अस्तित्वातच नव्हता, हेही येथे नमूद केले पाहिजे. बहुतेक शाळांत एखादा शिक्षक किंवा लेखनिक कपाटाच्या किल्ल्या सांभाळीत असे.

मुंबई सरकारने १९३९ मध्ये नेमलेल्या आसफ अली असगर फैजी यांच्या समितीने १९४० मध्ये अहवाल सादर केला. मध्यवर्ती ग्रंथालयापासून विभाग, जिल्हा, तालुका आणि खेड्यापर्यंत जाणारी ग्रंथालयांची उतरंड या समितीने सुचविली आणि १९४७ पासून तिच्या आधारे अंमलबजावणी सुरू झाली. सार्वजनिक ग्रंथालयांच्या इतिहासात या अहवालाचे स्थान मोठे आहे. मात्र या उतरंडीत शाळा ही पायरी नव्हती. बडोद्यात जे एकत्र होते ते येथे प्रथमच वेगळे झाले.

याच सुमारास प्रशिक्षणाच्या सोयी वाढू लागल्या. १९४० च्या दशकात मुंबई विद्यापीठाने ग्रंथालयशास्त्राची पदविका सुरू केली आणि १९४४ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्रंथालय संघाने प्रमाणपत्र वर्ग चालविले. पुणे विद्यापीठात १९५८ मध्ये, तर श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात १९६१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण सुरू झाले. महिला विद्यापीठातील या शिक्षणामुळे स्त्रियांना या व्यवसायाचे दार अधिक मोकळे झाले.

शालेय ग्रंथालयाचे तात्त्विक विवेचन याच काळात डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी केले. त्यांचा शालेय व महाविद्यालयीन ग्रंथालयांवरील ग्रंथ १९४२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि नवशिक्षण व शालेय ग्रंथालय यांचा संबंध मांडणारा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९७३ मध्ये आला. स्वतः गणिताचे अध्यापक राहिलेल्या रंगनाथन यांच्या दृष्टीने ग्रंथालय हे अध्यापनाचेच साधन होते. त्यांचा जन्मदिन १२ ऑगस्ट रोजी ‘ग्रंथपाल दिन’ म्हणून आपल्या शाळा-महाविद्यालयांत साजरा होतो. प्रतिमापूजन व ग्रंथप्रदर्शन होते; परंतु ग्रंथपालाला शिक्षक मानणारा त्यांचा विचार सेवानियमांत उतरला नाही.

मुदलियार आयोग ते कोठारी आयोग

स्वातंत्र्योत्तर काळात शालेय ग्रंथपालाचा सर्वांत ठाम पुरस्कार माध्यमिक शिक्षण आयोगाने केला. डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालील या आयोगाची नेमणूक १९५२ मध्ये झाली व अहवाल १९५३ मध्ये आला. आयोगाने तत्कालीन शालेय ग्रंथालयांचे केलेले वर्णन कठोर आहे. पुस्तके जुनी व मुलांच्या अभिरुचीला न मानवणारी आहेत, ती कुलूपबंद कपाटांत ठेवली जातात आणि त्यांचा कारभार ग्रंथप्रेम वा ग्रंथालयतंत्राचे ज्ञान नसलेल्या लेखनिकाकडे किंवा उदासीन शिक्षकाकडे असतो, असे आयोगाचे निरीक्षण होते. यावर आयोगाने दोन उपाय सुचविले. प्रत्येक माध्यमिक शाळेत पूर्ण अर्हतेचा ग्रंथपाल असावा व त्याचे वेतन आणि दर्जा अनुभवी शिक्षकाच्या बरोबरीचा असावा, हा पहिला. सर्वच शिक्षकांना प्रशिक्षणकाळात ग्रंथालयकार्याची मूलतत्त्वे शिकवावीत, हा दुसरा.

या शिफारशींतील मर्म असे की, आयोगाने ग्रंथपालाला शिक्षकांच्या पंक्तीत बसविले होते. पुढे डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या आयोगाने (१९६४–६६) प्रत्येक शिक्षकाला दर पाच वर्षांच्या सेवेत किमान दोन-तीन महिन्यांचे सेवांतर्गत शिक्षण मिळावे असे सुचविले. मुदलियार आयोगाची शिफारस प्रत्यक्षात आली असती, तर कोठारी आयोगाचे हे तत्त्व शालेय ग्रंथपालालाही आपोआप लागू झाले असते. दोन आयोगांमधील या दुव्याकडे दुर्लक्ष झाल्याचे परिणाम पुढील अर्धशतकात दिसून आले.

दोन खात्यांच्या सीमारेषेवर

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये संमत झाला आणि १ मे १९६८ पासून अंमलात आला. त्यानुसार ग्रंथालय संचालनालय अस्तित्वात आले. १९६२ मध्ये स्थापन झालेला महाराष्ट्र राज्य ग्रंथालय संघ व जिल्हा ग्रंथालय संघ यांच्या कार्याला या अधिनियमाने आधार मिळाला. जिल्हा संघांचे प्रशिक्षण वर्ग हे या व्यवस्थेचे मोलाचे फलित होय. मराठी माध्यमातून, अल्प शुल्कात आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ग्रंथालयशास्त्राचे प्रमाणपत्र मिळण्याची सोय त्यामुळे झाली. ग्रामीण भागातील अनेक शालेय ग्रंथपालांचे पहिले व्यावसायिक शिक्षण अशाच वर्गांत झाले. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने पुढे पदवीची वाटही नोकरदारांसाठी मोकळी केली.

परंतु हा अधिनियम, नावाप्रमाणेच, सार्वजनिक ग्रंथालयांपुरता होता. शाळांचे ग्रंथालय त्याच्या कक्षेबाहेर राहिले. ग्रंथालय संचालनालय उच्च व तंत्र शिक्षण विभागाच्या अखत्यारीत, तर शाळा शालेय शिक्षण विभागाच्या अखत्यारीत, अशी विभागणी झाली. परिणामी ज्या खात्याला ग्रंथालयाचे ज्ञान होते त्याचा शाळेशी संबंध नव्हता आणि ज्याचा शाळेशी संबंध होता त्याच्याकडे ग्रंथालयाचे ज्ञान असलेली स्वतंत्र यंत्रणा नव्हती.

या विभागणीवर महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ आणि त्याखालील १९८१ च्या नियमावलीने शिक्कामोर्तब केले. या कायद्याने खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांना सेवेचे संरक्षण दिले, हे त्याचे ऐतिहासिक कार्य निर्विवाद आहे. शालेय ग्रंथपालालाही त्यामुळे निश्चित वेतन व सुरक्षितता मिळाली. मात्र त्याची गणना लिपिक व प्रयोगशाळा साहाय्यक यांच्याबरोबर शिक्षकेतर कर्मचाऱ्यांत झाली. पद मंजूर होण्याचा निकषही पटसंख्येवर ठरला. पाचशेहून अधिक पटाच्या शाळेला अर्धवेळ आणि हजाराहून अधिक पटाच्या शाळेला पूर्णवेळ ग्रंथपाल, असा हिशेब दीर्घकाळ रूढ होता. बेगडेवाडीसारख्या छोट्या स्थानकाभोवतीच्या वस्तीत वा मावळातील डोंगराळ भागात ज्या शाळेचा पट दोन-तीनशेच्या घरात असेल, तिला या हिशेबात ग्रंथपाल मिळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत तर हे पदच नाही.

शिक्षकेतर या एका शब्दाचे दूरगामी परिणाम झाले. राज्य शिक्षणशास्त्र संस्था १९६४ मध्ये स्थापन झाली व १९८४ मध्ये तिचे रूपांतर राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेत झाले. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. १९९४ पासून केंद्रप्रमुखांची व्यवस्था आली आणि कालांतराने केंद्रस्तरावर शिक्षण परिषदा भरू लागल्या. ही सारी यंत्रणा शिक्षकांसाठी होती. शिक्षकाला बारा व चोवीस वर्षांच्या सेवेनंतर मिळणाऱ्या वरिष्ठ व निवड श्रेणीसाठी प्रशिक्षण ही पूर्वअट असते. शिक्षकेतर पदाला ही श्रेणीच लागू नसल्याने ग्रंथपालाकडे कोणी प्रशिक्षणाची मागणी केली नाही. त्याने शिकू नये असे कोणत्याही नियमात लिहिलेले नाही. त्याने शिकावे असे मात्र कोणत्याच नियमात लिहिले गेले नाही.

परिषदेचे बदललेले स्वरूप

अशा परिस्थितीत शालेय ग्रंथपालांनी जेव्हा एकत्र येण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्या एकत्र येण्याचे स्वरूप सेवाविषयक राहिले, यात नवल नाही. अर्धवेळ पदाचे पूर्णवेळ पदात रूपांतर, वेतनश्रेणीतील तफावत, रिक्त पदांची भरती आणि अतिरिक्त ठरण्याची भीती हे विषय त्यांच्या मेळाव्यांत अग्रभागी आले. या मागण्या न्याय्य होत्या. अर्ध्या वेतनावर वर्षानुवर्षे काम करणाऱ्या व्यक्तीकडून बालसाहित्याच्या नव्या प्रवाहांवर निबंधवाचनाची अपेक्षा करणे हे वास्तवाला धरून नाही. तथापि याचा दुसरा परिणामही नोंदविला पाहिजे. ज्या मंचावर पुस्तकनिवड, वाचनतास, मुलांच्या वाचनसवयी यांची चर्चा व्हावयाची, तो मंच निर्माणच झाला नाही.

महाविद्यालयीन ग्रंथपालाशी तुलना केल्यास हा भेद अधिक स्पष्ट होतो. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांत अकॅडमिक स्टाफ कॉलेजे सुरू केली. महाविद्यालयीन ग्रंथपालाला अध्यापकांच्या समकक्ष वेतनश्रेणी मिळाली आणि पदोन्नतीसाठी उद्बोधन व उजळणी वर्ग आवश्यक ठरले. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेच्या प्रक्रियेमुळे ग्रंथालयविषयक चर्चासत्रांनाही चालना मिळाली. या चर्चासत्रांतील सर्वच निबंध दर्जेदार असतात असे म्हणण्याचे धाडस आपल्यापैकी कोणी करणार नाही. उपस्थिती-प्रमाणपत्रासाठी येणारा वर्ग आपल्या परिचयाचा आहे. तरीही या सक्तीमुळे महाविद्यालयीन ग्रंथपाल आपल्या व्यवसायबंधूंना भेटतो, संगणकीकरणाच्या अडचणी ताडून पाहतो आणि नव्या आज्ञावलीची माहिती घेऊन परततो. आपल्या महाविद्यालयात येणारा विद्यार्थी ज्या शालेय ग्रंथालयातून आलेला असतो, तेथील ग्रंथपालाला यातले काहीच उपलब्ध नसते. प्रथम वर्षाच्या वर्गात संदर्भग्रंथ पाहावयाची सवय नसलेले विद्यार्थी दिसतात, याची अनेक कारणांपैकी हेही एक कारण मानावे लागेल.

जागतिक पातळीवर शालेय ग्रंथपालांनी स्वतंत्र व्यासपीठ १९७१ मध्येच उभारले. जमैकातील किंग्स्टन येथे शालेय ग्रंथपालांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची स्थापना झाली. १९९९ मध्ये युनेस्को व ग्रंथालय संघांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने शालेय ग्रंथालयाचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. शालेय ग्रंथपाल हा शाळेच्या ग्रंथालयाचे नियोजन करणारा, व्यावसायिक अर्हता असलेला आणि शिक्षकांच्या सहकार्याने काम करणारा घटक होय, अशी त्यातील भूमिका आहे. महासंघाची शालेय ग्रंथालयांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००२ मध्ये आली व त्यांची सुधारित आवृत्ती २०१५ मध्ये निघाली. हे सर्व साहित्य इंग्रजीत आहे. बडोद्याने १९१२ मध्ये ओळखलेली स्वभाषेची गरज येथे पुन्हा पुढे येते.

एकाच लोहमार्गावरील दोन व्यवस्था

निधी आणि इच्छाशक्ती यांच्या अभावावर सर्व दोष ढकलण्याची आपल्याकडे प्रथा आहे. पदाचे वर्गीकरण बदलले की काय बदलते, याचे उदाहरण मात्र मावळातच पाहावयास मिळते. केंद्रीय विद्यालयांची योजना १९६३ मध्ये सुरू झाली. या विद्यालयांत ग्रंथपालाची वेतनश्रेणी प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाच्या बरोबरीची आहे आणि त्याच्यासाठी सेवांतर्गत प्रशिक्षण वर्ग घेतले जातात. संघटनेने ग्रंथालयांसाठी लेखी धोरणही ठरविले आहे. देहूरोड वा लोणावळ्यातील केंद्रीय विद्यालयाचा ग्रंथपाल अशा वर्गाच्या निमित्ताने अन्य राज्यांतील व्यवसायबंधूंना भेटतो. त्याच लोकल गाडीने प्रवास करणारा अनुदानित शाळेचा ग्रंथपाल पुस्तकपेढीची नोंद, पाठ्यपुस्तकांचे वाटप आणि परीक्षेची कामे यांत वर्ष घालवितो.

या भेटींतून नेमके काय मिळते, हे एका छोट्या उदाहरणाने स्पष्ट होईल. केंद्र शासनाच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत (२००५, व त्यानंतर २०१७) ग्रंथालयातून वर्षभरात देवघेव झालेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तके गहाळ होणे हे वाजवी मानले आहे. त्यात अप्रामाणिकपणा वा निष्काळजीपणा नसावा एवढीच अट आहे. हा नियम केंद्रीय आस्थापनांचा आहे. पण त्यामागील तत्त्व सार्वत्रिक आहे. पुस्तक वापरले की काही प्रमाणात झिजते व हरवते, हे ते तत्त्व होय. ज्या ग्रंथपालाला असे काही तत्त्व असते हेच ठाऊक नाही, तो हरवलेल्या प्रत्येक पुस्तकाची वसुली आपल्या वेतनातून होईल या धास्तीने कपाटाला कुलूप लावतो. मुदलियार आयोगाला १९५३ मध्ये दिसलेले कुलूप उदासीनतेचे वाटले. ते पुष्कळदा भीतीचेही असते. ही भीती परिपत्रकाने जात नाही. दुसऱ्या शाळेतील ग्रंथपाल खुली मांडणी करून दहा वर्षे निर्वेधपणे काम करीत आहे, हे प्रत्यक्ष भेटून कळले तरच ती जाते. परिषदेचे खरे प्रयोजन हेच आहे.

स्वभाषेतील साधनांचेही तसेच आहे. बालभारतीने १९७१ मध्ये सुरू केलेल्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक आता संगणकावर विनामूल्य वाचता येतात. पन्नास वर्षांचे उत्तम मराठी बालसाहित्य त्यात आहे. छोट्या शाळेला हे एकही रुपया खर्च न करता मिळू शकते. पण ते मिळते हे सांगणारी कोणीतरी व्यक्ती लागते.

नवे कायदे, नवी धोरणे आणि जुनी उणीव

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींसह सर्व विषयांची पुस्तके असलेले ग्रंथालय असावे, अशी तरतूद आहे. त्याच अनुसूचीत शिक्षक, मुख्याध्यापक आणि कला, आरोग्य व कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक यांची संख्याही दिलेली आहे. ग्रंथपालाचा उल्लेख नाही. ग्रंथालय हा बालकाचा हक्क ठरला. त्या हक्काची पूर्तता कोणी करावयाची हे अनुत्तरित राहिले. २०१८ मध्ये आलेल्या समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या स्तरानुसार पाच हजारांपासून वीस हजार रुपयांपर्यंतचे वार्षिक ग्रंथालय अनुदान आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून १५ ऑक्टोबर हा ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरा होतो. पुस्तके येतात, दिवस साजरे होतात. निवड करणारी व हाताळणारी व्यक्ती मात्र अप्रशिक्षित राहते.

२०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण या दृष्टीने काळजीपूर्वक वाचण्यासारखे आहे. शिक्षकांविषयीच्या प्रकरणात प्रत्येक शिक्षकाने व मुख्याध्यापकाने वर्षाला किमान पन्नास तास निरंतर व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, असे म्हटले आहे. ग्रंथालयीन कर्मचाऱ्यांच्या पुरेशा नेमणुका, त्यांच्या सेवेतील प्रगतीचे मार्ग आणि त्यांचा निरंतर व्यावसायिक विकास यांचाही उल्लेख त्याच धोरणात आहे. तो शिक्षकांच्या प्रकरणात मात्र नाही. तो प्रौढ शिक्षण व आजीवन अध्ययनाच्या प्रकरणात आलेला आहे आणि तेथे तासांची संख्या नाही. १९६७ मध्ये झालेली विभागणी २०२० च्या धोरणाच्या अनुक्रमणिकेतही कायम आहे, असे म्हणावयास हरकत नाही. तरीही शालेय ग्रंथालयासह सर्वच ग्रंथालयांतील कर्मचाऱ्यांच्या सेवांतर्गत शिक्षणाचे तत्त्व राष्ट्रीय धोरणात नोंदले गेले, हे पाऊल पुढचेच होय.

शासकीय यंत्रणेबाहेरही काही प्रयत्न झाले आहेत. गोव्यात २००५ पासून कार्यरत असलेल्या ‘बुकवर्म’ या संस्थेच्या सहकार्याने टाटा ट्रस्टच्या ‘पराग’ उपक्रमाने २०१३ मध्ये ग्रंथालय-शिक्षकांसाठी अभ्यासक्रम सुरू केला. प्रत्यक्ष काम करणाऱ्या व्यक्तीने काही दिवस एकत्र येऊन शिकावे, आपल्या ठिकाणी जाऊन प्रयोग करावा आणि पुन्हा भेटून त्याची चर्चा करावी, अशी त्याची रचना आहे. बडोद्यातील वर्गाशी या पद्धतीचे नाते सहज ओळखता येते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. महाराष्ट्रातील शालेय ग्रंथपालाच्या प्रवेशपूर्व शिक्षणाची परंपरा समृद्ध आहे. जिल्हा संघांचे वर्ग, विद्यापीठांच्या पदविका व पदव्या आणि मुक्त विद्यापीठ यांनी ती ग्रामीण भागापर्यंत पोहोचविली.

२. सेवांतर्गत शिक्षणाचा अभाव हा एखाद्या शासनकर्त्याच्या उपेक्षेतून उद्भवलेला नाही. १९४०, १९६७ आणि १९८१ या तीन टप्प्यांवर ग्रंथालय व शाळा यांची जी प्रशासकीय फारकत झाली, तिचा तो परिणाम आहे.

३. मुदलियार आयोगाने १९५३ मध्ये दिलेला शिक्षक-समकक्ष दर्जा अव्यवहार्य नव्हता, हे केंद्रीय विद्यालयांच्या अनुभवावरून दिसते.

४. परिषदांचे स्वरूप सेवाविषयक मागण्यांपुरते राहिले, याचे कारण ग्रंथपालांची उदासीनता हे नसून पदाची अस्थिरता हे आहे.

या निष्कर्षांच्या अनुषंगाने एक सूचना महाविद्यालयीन अध्यापकांपुढे ठेवणे उचित होईल. सेवानियमांत बदल करणे आपल्या हाती नाही. परंतु प्रत्येक तालुक्यात किमान एक महाविद्यालय आहे, त्यात प्रशिक्षित ग्रंथपाल व सभागृह आहे. तालुक्यातील शालेय ग्रंथपालांची, आणि जेथे ते पद नाही तेथे ग्रंथालयाचे काम पाहणाऱ्या शिक्षकांची, वर्षातून दोन वेळा बैठक बोलाविणे महाविद्यालयाला सहज शक्य आहे. १२ ऑगस्टचा कार्यक्रम प्रतिमापूजनापुरता न ठेवता या बैठकीला जोडता येईल. निबंधवाचनापेक्षा प्रत्येकाने आपल्या ग्रंथालयातील एक अडचण व एक यशस्वी प्रयोग सांगावा आणि त्याची मराठीतील टाचणे सर्व शाळांना पाठवावीत, एवढी मर्यादित रचना पुरेशी आहे. मुख्याध्यापकांनी त्या दिवसाची उपस्थिती कर्तव्यकाळ म्हणून मान्य करावी, यासाठी मात्र प्राचार्यांनी पत्रव्यवहार केला पाहिजे.

मावळाला अशा प्रयत्नाची पार्श्वभूमी आहे. ‘ग्रंथमाला’ या मासिकाचे संपादक प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकर यांचे समर्थ विद्यालय तळेगाव दाभाडे येथे चालत होते व १९१० मध्ये ब्रिटिश सरकारने ते बंद पाडले. शाळा आणि ग्रंथ यांना एकत्र पाहणारी दृष्टी या परिसराला नवी नाही. शालेय ग्रंथपालाचा समावेश शिक्षणव्यवस्थेच्या कोणत्या सदरात करावयाचा, हा निर्णय शासन यथावकाश घेईल. तोपर्यंत त्याला आपल्या व्यवसायाविषयी बोलावयास एक जागा मिळवून देणे हे त्याच्या हातून वाचावयास शिकलेल्या विद्यार्थ्यांना पुढे शिकविणाऱ्या महाविद्यालयांचे कर्तव्य ठरते.